बोटुकली आणायला पुण्याला

पुण्याहून आल्यापासून गटातल्या बायका विचारतात, "काय काय पाहिलं, सांग की." मला चारचौघींत बोलायला जमत नाही. एकीशी बोलते तोवर ठीक, दुसरी येऊन बसली की मी उठून कामाला लागते. वैशाली सांगू शकली असती, पण ती माहेरी गेली. गंगूआत्याला विचारायचा धीर कुणाला होत नाही. चौथीपर्यंतची शाळा झाली आहे, तेवढं लिहिणं हाताला राहिलं आहे, म्हणून सवडीनं हे लिहून ठेवते. कुणाला दाखवीन की नाही, ते अजून ठरवलेलं नाही.

आम्ही भोई. उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला आमची वस्ती. धरण झालं तेव्हा ज्यांची शेतं बुडाली त्यांना दुसरीकडे जमिनी मिळाल्या. आमचं काही बुडालं नाही, कारण बुडायला काही नव्हतंच. पाणी मात्र वाढलं. सासू सांगायची, पहिली काही वर्षं जाळं ओढवत नव्हतं इतकी मासळी होती. मग बाहेरची माणसं आली, मच्छरदाणीसारखी बारीक जाळी आली, पोरासोरांसकट मासळी उचलून नेली. आता आमचे पुरुष पाण्यावर जातात आणि स्वस्तातल्या चिलापीची एखादी पाटी घेऊन येतात. कधी तीही नाही.

गावाच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव आहे. तो दरवर्षी ठेकेदार घ्यायचा. यंदा आमच्या बायकांच्या गटानं ग्रामसभेत मागितला आणि पुष्कळ भांडणं होऊन तो आम्हाला मिळाला. त्यात मासळीचं बीज, म्हणजे बारकी पिल्लं, सोडायचं, वाढवायचं, आणि येईल ते सगळ्या घरांनी वाटून घ्यायचं. सरपंचांनी अट घातली. पोळ्याच्या आत बीज सोडायचं आणि उन्हाळ्यात गावासमोर जाळं ओढायचं. "जाळ्यात मासळी दिसली तर तळं तुमचं," ते म्हणाले. "न्हाय दिसली तर ठेकेदाराला जाईल. मग माझ्या दारात रडत यायचं न्हाय."

म्हणून आम्ही तिघी पुण्याला निघालो. सरकारी मत्स्यबीज केंद्रावर आधी शिकायचं आणि मग बीज घेऊन यायचं. गंगूआत्या गटाची प्रमुख. ती माझ्या नवऱ्याची आत्या, पण सगळी वस्ती तिला आत्याच म्हणते. तिच्यासारखं जाळं फेकणारा पुरुषही आमच्यात आता नाही. वैशाली माझ्या पुतण्याची बायको, बारावी शिकलेली, फोनवरचं सगळं तिला कळतं. आणि मी, कारण माझी मावसबहीण लीलाअक्का पुण्यात राहते आणि आम्हाला मुक्कामाला जागा हवी होती.

विश्रांतवाडी

पुण्यात उतरल्यावर पहिली अडचण रस्ता ओलांडायची. गंगूआत्या वारा सुटलेला असताना एकटी होडी पलीकडे नेते. इथे ती माझा हात धरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. गाड्या संपेचनात. शेजारी एक चष्मेवाले गृहस्थ पिशवी घेऊन उभे होते. ते म्हणाले, "गाड्या थांबायची वाट बघताय का आजी? मग अंथरूण-पांघरूण आणलंय ना बरोबर?" आणि आमच्यासाठी स्वतःच हात वर करून मध्ये घुसले. पलीकडे गेल्यावर आभार ऐकायलाही थांबले नाहीत. पुण्यात माणूस असा टोचून बोलतो आणि मग मदत करतो, की मदत करतो म्हणून टोचतो, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

लीलाअक्काची खोली विश्रांतवाडीला, एका बोळात, लोखंडी जिन्यानं वर. पूर्वी ते नदीकाठाला राहायचे. पुरात घर गेलं तेव्हापासून इकडे. अक्का पाटीवर मासळी विकते. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, एका मोठ्या इमारतीच्या फाटकावर राखणीला असतात.

अक्कानं आम्हाला रोहूचं कालवण केलं होतं. कांदा-खोबरं भाजून, चिंचेचा कोळ घालून, अगदी मावशीच्या हातचं. पण तुकडा तोंडात घातला आणि मऊ लागला. आमच्याकडे मासळी दुपारी पाण्यात असते आणि संध्याकाळी चुलीवर. आत्यानं एक घास खाल्ला, थांबली.

"कुठली गं ही?"

"आंध्रातली. ट्रकनं येते, बर्फात."

"किती दिसाची?"

"मेल्यापासून मोजू का निघाल्यापासून?" अक्का म्हणाली आणि हसली. मग हसू गेलं. "आत्या, इथली गिऱ्हाईकं आधी विचारतात, ‘नदीतली नाही ना?’ मी भोयाची लेक, आणि मलाच शपथ घ्यावी लागते, नदीतली नाही म्हणून."

दाजी जेवून उठले. हात धुऊन आल्यावर म्हणाले, "आमच्या बिल्डिंगला नदी दिसते. दिसते म्हणून फ्लॅट महाग. आणि वास येतो म्हणून सगळ्यांच्या खिडक्या बंद."

केंद्रावर

केंद्र शहराच्या अगदी एका टोकाला आहे. आत गेलं की शहर संपल्यासारखं वाटतं. झाडं, कौलारू ऑफिस, आणि ओळीनं सिमेंटची टाकी आणि मातीची तळी. एका टाक्यात पाणी गोल गोल फिरत होतं आणि त्यात मासळीची अंडी, साबुदाण्यासारखी. ती बघून मला फार बरं वाटलं. आम्ही जन्मभर मासळी धरली, पण तिला अशी जन्मताना कुणी पाहिली नव्हती. आत्या टाक्याच्या काठाशी उकिडवी बसली ती उठेचना.

शिकायला आलेले बहुतेक पुरुष, शेतकरी. शिकवणाऱ्या मॅडम तरुण होत्या, भराभर बोलायच्या. त्यांनी विचारलं, "स्वतःचं शेततळं किती जणांचं आहे? हात वर करा." सगळे हात वर गेले. आम्ही तिघी तशाच.

"आणि तुम्ही?"

वैशाली उभी राहिली. "आमची शेती नाही मॅडम. गावाचा तलाव मिळालाय, गटाला."

मागून एकजण म्हणाला, "गावाचा म्हणजे कुणाचाच न्हाय."

आत्या मागे न बघता म्हणाली, "म्हणूनच आमाला मिळाला."

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. मला आत्याचा अभिमान वाटला आणि लाजही वाटली, कारण सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या होत्या.

मॅडमनी शिकवलं, कटला मासा वरच्या पाण्यातलं खातो, रोहू मधल्या पाण्यातलं, मृगळ तळातलं, म्हणून तिन्ही एकत्र सोडायचे, म्हणजे भांडण नाही. बोटाएवढं पिल्लू म्हणजे बोटुकली. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून देतात, खाली थोडं पाणी आणि वर प्राणवायू, तोंड रबरानं घट्ट बांधलेलं. तळ्यावर नेल्यावर पिशवी न उघडता आधी पाण्यावर तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं पाणी सारखं झालं की मग सोडायची.

आत्याला हे पटलं नाही. तिनं मॅडमना सांगितलं की तिची आई जिवंत मरळ हंड्यात घालून बाजाराला न्यायची, कोसभर लांब. वाटेत प्रत्येक विहिरीवर, प्रत्येक ओढ्यावर पाणी बदलायची. एक मासा मरायचा नाही. "कोंडलं की मासा मरतो बाई. पानी बदललं की जगतो."

"आजी, मरळ वरची हवा घेते, ती टिकते," मॅडम म्हणाल्या. "ही बाळं आहेत. पिशवी तळ्यावर जाईपर्यंत उघडायची नाही. देव आला तरी नाही."

आत्यानं मान हलवली.

दुपारी जेवायला पोळी, बटाट्याची भाजी आणि आमटी होती. मासळीच्या शाळेत मासळी नाही, याचं आम्हाला हसू आलं. आमटीत गूळ. आत्या म्हणाली, "पुण्याचं समदं ग्वाड. बोलणं तेवढं सोडून."

शनिवार पेठ आणि नदी

बीज मिळायला एक दिवस मध्ये होता. आत्याला जाळ्याचा दोरा हवा होता. उन्हाळ्यात गावासमोर ओढायचं जाळं नव्या दोऱ्याचं असावं, अशी तिची इच्छा. दाजींनी रजा काढली आणि आम्हाला शनिवार पेठेत नेलं. तिथे एका जुन्या दुकानात सुतळ्या, दोर, काथ्या असं सगळं मिळतं.

दुकानदारानं पेपरातून डोकं वर काढलं नाही. आत्यानं दोरा मागितला, जाळ्यासाठी म्हणून सांगितलं.

"जाळं? पुण्यात?" तो म्हणाला. "नदीत काय, पिशव्या धरणार?"

"आमी बाहेरगावच्या."

"मग बरोबर." त्यानं पेपर खाली ठेवला आणि मागच्या फळीवरून दोऱ्याची गुंडी काढली. "हा न्या. तो समोरचा दिसायला छान आहे, टिकत नाही. दिसायला छानच हवा असेल तर समोरच्या दुकानात जा." आत्यानं दोरा दातात धरून ओढून पाहिला आणि तोच घेतला.

तिथून नदी जवळच. आमच्यात अशी रीत आहे की नवी नदी भेटली की खाली उतरायचं, पाण्याला हात लावून डोळ्यांना लावायचा, हळद-कुंकू वाहायचं. मगच पुढे जायचं. आत्या घाटाच्या पायऱ्या उतरायला लागली. वास वरपर्यंत येत होता. खाली पाणी काळं, वर साबणासारखा फेस, आणि कडेला जलपर्णीत अडकलेले निर्माल्याचे पुडे, चपला, थर्माकोल.

"आत्या, हात नका लावू," दाजी वरून म्हणाले. "खाज सुटते. दिवसभर जात नाही."

आत्या शेवटच्या पायरीवर थांबली. हात पुढे केला, मागे घेतला. मग लांबूनच हळद-कुंकवाची चिमूट टाकली. ती फेसावर बसली, पाण्यात गेली नाही.

दाजींनी दाखवलं, त्यांच्या वडिलांची होडी कुठे बांधलेली असायची. तिथे आता भिंत आहे. "लहानपणी इथं वांबेसारखी चांगली मासळी सापडायची," ते म्हणाले. "मग नुसती चिलापी. मग मांगूर, घाणीतही जगणारा. मग जाळ्यात देव यायला लागले, विसर्जन केलेले. एक दिवस मी जाळं गुंडाळलं आणि भंगारवाल्याला दिलं. त्यानं विचारलं, ‘हे कशाचं?’"

आत्या पाण्याकडे बघत होती. म्हणाली, "ही मुठा ना? ही कुठं जाती?"

"पुढं मुळेला मिळते. मग भीमेला."

"आन् भीमा आमच्या धरणात."

"हो," दाजी म्हणाले. "तुम्हाला आम्हीच पाठवतो हे."

 आम्ही पाण्यावर फेस बघितला की म्हणायचो, कारखान्यानं काहीतरी सोडलं. इथे उभं राहून कळलं की सगळं शहर सोडतं. अक्का भांडी घासते तेही.

बीज घेतलं तो दिवस

आमच्या गावचा बाळू टेम्पोनं पुण्याला भाजी आणतो. परतीला टेम्पो रिकामा असतो, त्यात आम्ही बीज न्यायचं असं ठरलं होतं. केंद्रावर आमचा नंबर दुपार उलटल्यावर लागला. पिशव्या भरताना मी जवळ उभी होते. बोटुकली चाळणीत उड्या मारत होती, चांदीच्या टिकल्यांसारखी. मॅडमनी स्वतः आमच्या पिशव्या तपासल्या आणि आत्याला परत एकदा सांगितलं, "उघडायची नाही हं, आजी."

टेम्पोत ओली पोती अंथरून पिशव्या ठेवल्या. वैशाली पुढे बाळूजवळ, आत्या आणि मी मागे पिशव्यांपाशी. बाळूला पेठेतल्या एका खानावळीचे रिकामे क्रेट परत टाकायचे होते. तो म्हणाला, "हा गेलो, हा आलो." त्या दिवशी दहीहंडी आहे हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात नव्हतं. गावाकडे सकाळी देवळात हंडी फुटते आणि लोक कामाला जातात. इथे ती संध्याकाळी सुरू होते.

क्रेट टाकून बाहेर पडलो तर पुढचा रस्ता बंद. मागे वळायचं तर मागे गाड्यांची रांग. चौकात मांडव, भिंतीएवढे स्पीकर, आणि माणसं. गाणं सुरू झालं तेव्हा टेम्पोचा पत्रा थरथरायला लागला. मी पिशवीवर हात ठेवला तर आतलं पाणी थरथरत होतं आणि बोटुकली एकदम एका कोपऱ्यात दाटून गेली होती.

पोलीस म्हणाला, हंडी फुटल्यावर रस्ता उघडेल. ती फुटेना. एक पथक आलं, थर लावले, सलामी दिली, गेलं. दुसरं आलं. उकाडा फार होता. अंधार पडायला लागला तेव्हा एका पिशवीकडे बघून आत्या माझ्या जवळ सरकली. टम्म फुगलेली पिशवी थोडी सैल झाली होती आणि बोटुकली वर येऊन तोंडं उघडत-मिटत होती.

"दम कोंडलाय त्यांचा," आत्या म्हणाली.

वैशाली पुढून उतरून आली. "आत्या, मॅडम म्हणाल्यात उघडायची न्हाय."

"मॅडम हितं हाय का?"

"देव आला तरी न्हाय म्हणाल्या."

"देवाचा दम न्हाय कोंडत. ह्यांना कोन इच्यारतंय?" आत्या टेम्पोच्या कडेवरून वाकून ओरडली, "बाबा, पानी मिळंल का? मासळी मरतीया आमची!"

मंडळाचा एक कार्यकर्ता होता, गळ्यात पट्टा आणि घाम. एवढ्या गोंगाटात त्यानं ऐकलं. मला वाटलं हसेल. तो टेम्पोत डोकावला, पिशव्या बघितल्या आणि लगेच मागे वळून ओरडला, "ए, वाट द्या! टँकरवरून ड्रम आणा, स्वच्छ ड्रम!" गोविंदांवर उडवायला पाण्याचा टँकर आणला होता. दोन पोरांनी ड्रम उचलून टेम्पोत चढवला. "पिण्याचं पाणी आहे आजी," तो म्हणाला. "एकदम शुद्ध. कॉर्पोरेशनचं."

आत्यानं ओंजळीत पाणी घेतलं. आमच्याकडे खाऱ्या विहिरी आहेत, म्हणून मासळीला पाणी घालण्याआधी चाखून बघायची सवय. खारट, तुरट, शेवाळी, आत्याच्या जिभेला सगळं कळतं. तिनं घोट घेतला.

"ग्वाड हाय," ती म्हणाली.

तिनं रबर सोडलं, पिशवीतलं निम्मं पाणी काढलं आणि ड्रममधलं घातलं. बोटुकली एकदम पळायला लागली, इकडून तिकडे, जोरात. आत्याचा चेहरा सैल झाला. "बघ," ती वैशालीला म्हणाली. मग दुसरी पिशवी उघडली, मग तिसरी. मी ड्रममधून तांब्यानं पाणी काढून देत होते. खाली पोरं टाळ्या वाजवत होती, मासळी वाचली म्हणून.

निम्म्या पिशव्या झाल्या असतील, तेव्हा मी पहिल्या पिशवीकडे बघितलं. पळणं थांबलं होतं. काही बोटुकली स्वतःभोवती गोल फिरत होती, भोवऱ्यासारखी. मग एक उलटी झाली, पोट वर. मग पुष्कळ.

आत्यानं त्या पिशवीत हात घातला आणि तसाच ठेवला. वैशालीनं मॅडमना फोन लावला होता. गाण्यामुळे ऐकू येईना म्हणून एका बोळात धावली. परत आली तेव्हा रडत होती. "नळाच्या पाण्यात औषध असतं म्हणे, जंतू मारायचं. माणसाला चालतं. ह्यांना न्हाय. उघडलेल्या पिशव्यांचं आता काय करता येत न्हाय म्हणाल्या. उरलेल्या तशाच ठेवा, लगेच निघा."

"रागावल्या का?" आत्यानं विचारलं.

"न्हाय."

"रागवायला पायजे होतं."

थोड्या वेळानं आत्यानं परत विचारलं, "न उघडता जगली असती का? इच्यारलंस का त्ये?"

"इच्यारलं. सांगता येत न्हाय म्हणाल्या. इतका वेळ उकाड्यात थांबायला नको होतं म्हणाल्या."

तो मंडळाचा माणूस खाली उभा होता. त्याला काही कळलं नव्हतं. तो हसून म्हणाला, "झालं ना काम, आजी?" आत्यानं त्याला हात जोडले. त्यानं चांगलंच केलं होतं.

हंडी फुटली, रस्ता उघडला तेव्हा मध्यरात्र उलटली होती. पुढचा प्रवास सांगण्यासारखा नाही. न उघडलेल्या पिशव्या आम्ही दोघींनी मांडीवर धरल्या होत्या आणि मधूनमधून बॅटरीच्या उजेडात बघत होतो. त्यातलीही काही उलटत होती.

तळ्यावर

उजाडता तळ्यावर पोचलो तर सगळ्या बायका आल्या होत्या. नारळ, हळद-कुंकू, आंब्याच्या पानांचं तोरण बांबूला बांधलेलं. सरपंच आले होते. ठेकेदारही आला होता, मोटारसायकलवर बसून.

बाळूनं फळी पाडली. बायका पुढे आल्या आणि थांबल्या. पिशव्या दिसतच होत्या.

ठेकेदार म्हणाला, "दहीहंडी बघाया गेलती व्हय मासळी? दमली जनू."

आत्या टेम्पोतून उतरली. सरपंचांपुढे जाऊन उभी राहिली. "मी उघडल्या," ती म्हणाली. "ह्या दोघींचं काय न्हाय. म्या पानी घातलं."

सरपंचांनी टेम्पोत डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "जिवंत हाईत का काही?"

"हाईत."

"सोडा मग. सोडलं म्हंजे पहिली अट झाली. बाकीचं उन्हाळ्यात बघू."

न उघडलेल्या पिशव्या आम्ही पाण्यावर तरंगत ठेवल्या, शिकवल्याप्रमाणे. मग तोंडं सोडली. जी जगली होती ती आधी तशीच थांबली, पिशवीच्या तोंडाशी, बाहेर जावं की नाही असं. मग एक गेली आणि मागून बाकीची. पाणी गढूळ होतं. हातभर गेली की दिसेनाशी. किती गेली, किती पुढे जाऊन तळाला बसली, कुणालाच सांगता आलं नसतं. नारळ फोडला, पण कुणी ओव्या म्हटल्या नाहीत.

मेलेली बोटुकली आत्यानं पदरात गोळा केली. आमच्याकडे मेलेली मासळी टाकत नाहीत, सुकवतात, पण ही सुकवण्याएवढीही नव्हती. कावळे जमायला लागले होते. आत्यानं बांधाच्या कडेला हातानं खड्डा केला आणि सगळी त्यात घालून माती लोटली. दोऱ्याची गुंडी तिनं माझ्याकडे दिली. "तू ठेव," म्हणाली.

पोळा होऊन गेला. गणपती होऊन गेले. तळ्यात अजून जाळं टाकता येत नाही. बोटुकली वाढीला लागली असेल तर आता ओढलेल्या जाळ्यात ती चेंगरून मरेल. तेव्हा आम्ही नुसतं खाऊ घालतो. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा भिजवून गोण्यात भरतो, गोण्याला भोकं पाडतो आणि पाण्यात रोवलेल्या बांबूला टांगतो. मासळी खालून येऊन भोकांना तोंड लावते आणि खाते, असं केंद्रावर सांगितलं होतं. घराघरातून कोंडा जमा होतो. पहिल्यासारख्या सगळ्या देत नाहीत. "काय सांगावं, बेडकं खात असतील," असं एक-दोघी म्हणाल्या. ठेकेदार बांधावरून जाताना विचारतो, "जेवली का तुमची मासळी?"

पाळ्या लावल्या आहेत, पण पाळी कुणाची का असेना, आत्या रोज जाते. पूर्वी ती काठावर उभी राहून नुसती पाण्याकडे बघायची आणि सांगायची, इथं हाय, तिथं न्हाय. पुरुष तिच्या बोटाकडे बघून होडी वळवायचे. आता कुणी विचारलं तर ती पाण्याकडे बघतच नाही.

परवा माझी पाळी होती. ऊन वर आलं होतं, पाणी अगदी स्थिर. आत्यानं कमरेएवढ्या पाण्यात जाऊन कालचं गोणं सोडलं आणि वर उचललं. पाणी गळून जाऊ दिलं. मग दोन्ही हातांत धरून वजन बघितलं, पुष्कळ वेळ. गोणं हलकं झालं होतं, मला काठावरूनही दिसत होतं.

मी विचारलं, "आत्या, खाल्लं वाटतं?"

"पानी बी खातं," ती म्हणाली.

आणि भरलेलं गोणं घ्यायला तिनं माझ्याकडे हात केला.